पॉलिप काढला, पण कशाने? एन्डोस्कोपी बिलिंगवर वाचकांचे प्रश्न

एन्डोस्कोपीच्या (शरीरात स्कोप, म्हणजे नळीची दुर्बीण, घालून केलेल्या तपासणीच्या) बिलिंगवर इतके प्रश्न साठले होते की या वेळचं सदर सगळं त्यालाच देऊन टाकलंय. विचारणारे बहुतेक जण अमेरिकन क्लायंटसाठी जीआयचे (पचनसंस्थेच्या विभागाचे) चार्ट कोड करणारे, म्हणजे डॉक्टरच्या नोटवरून बिलाचे कोड देणारे आहेत, दोघं मात्र तिथलेच, ज्यांच्या हातात बिल पडलंय. त्यामुळे नियम, कोड, पैसे सगळं अमेरिकेतलं. आणि आधीच सांगून ठेवते, सीपीटी (प्रोसिजरचे कोड) दर १ जानेवारीला बदलतं, आयसीडी (आजाराचे कोड) १ ऑक्टोबरला, एनसीसीआयचे एडिट (कुठले दोन कोड एकत्र चालत नाहीत याचे नियम) तर दर तिमाहीला, तेव्हा खालचं वाचलं तरी क्लेम पाठवताना चालू वर्षाचं पुस्तक उघडायचंच, ताईने सांगितलं होतं असं ऑडिटरला सांगून काही उपयोग नाही.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी नुकतीच जीआय टीममध्ये आलेय. एका कोलोनोस्कोपीच्या (मोठ्या आतड्याच्या एन्डोस्कोपीच्या) नोटमध्ये चार पॉलिप (आतड्याच्या भिंतीवर वाढलेल्या छोट्या गाठी) होते, आतड्याच्या असेंडिंग भागातला ४ मिमीचा कोल्ड फोर्सेप्सने काढला, ट्रान्सव्हर्समधले दोन कोल्ड स्नेअरने आणि सिग्मॉइडमधला १२ मिमीचा हॉट स्नेअरने. मी ४५३८५ तीन युनिट आणि ४५३८४ असं दिलं. ऑडिटमध्ये दोन्ही उडालं. का ते कोणी नीट सांगत नाही.

उत्तर: अगं, पॉलिप किती ते मोजत बसू नकोस, कशाने काढले ते बघ. कोलोनोस्कोपीचे हे कोड हत्यारावर चालतात, आकड्यावर नाही. स्नेअर म्हणजे तारेचा फास, त्याने एक काढला काय आणि सात काढले काय, करंट दिला काय आणि न दिला काय, ४५३८५ एकदाच. तुझे तिन्ही स्नेअरवाले त्या एका कोडमध्ये बसले. आता राहिला फोर्सेप्सवाला. ४५३८४ हा हॉट बायॉप्सी फोर्सेप्सचा कोड आहे, म्हणजे चिमट्यातून करंट देऊन काढला तर. तुझ्या डॉक्टरने कोल्ड फोर्सेप्स लिहिलंय, म्हणजे बायॉप्सी, ४५३८०. पॉलिप पूर्ण निघाला तरी बायॉप्सीच, जंबो फोर्सेप्स वापरला तरी बायॉप्सीच, इथे नवीन लोक हमखास अडखळतात कारण "पूर्ण काढला" वाचलं की हात आपोआप मोठ्या कोडकडे जातो.

तर बरोबर उत्तर ४५३८५ आणि ४५३८०-५९ (५९ हा मॉडिफायर, म्हणजे हे काम वेगळ्या जागी झालं हे सांगायला कोडमागे लावलेली खूण). एनसीसीआयच्या जोडीत ४५३८० हा कॉलम दोनमधला, म्हणजे दुसऱ्यात धरला जाणारा कोड, म्हणून मॉडिफायर त्याला. काही पेयर (क्लेमचे पैसे देणारे) ५९ ऐवजी एक्सएस मागतात, एक्सवाले चार मॉडिफायर मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याने) २०१५ मध्ये आणलेत तेव्हापासून. पण ५९ लावण्याआधी नोटमध्ये दोन जागा वेगळ्या दिसल्याच पाहिजेत, तुझ्या केसमध्ये असेंडिंग आणि सिग्मॉइड आहेत म्हणून प्रश्न नाही. एकाच पॉलिपचा आधी फोर्सेप्सने तुकडा घेतला आणि मग तोच स्नेअरने काढला, किंवा स्नेअरने काढून कडेला राहिलेलं फोर्सेप्सने उचललं, तर फक्त ४५३८५. तिथे ५९ लावणं म्हणजे सरळ अनबंडलिंग, एकाच कामाचे तुकडे करून पैसे मागणं, आणि ते सापडतंच.

आणि एक, नोटच्या वरती मोठ्या अक्षरात "कोलोनोस्कोपी विथ स्नेअर पॉलिपेक्टमी" असतं ना, त्यावरून कोड देऊ नकोस. वरचं शीर्षक टेम्प्लेटमधून येतं, खाली मजकुरात डॉक्टरने प्रत्यक्ष काय केलं ते वाच. दोन्ही जुळत नसेल किंवा नुसतंच "पॉलिप रिमूव्ह्ड" असेल तर डॉक्टरला क्वेरी (लेखी प्रश्न) पाठव. पॅथॉलॉजी रिपोर्टवरून हत्याराचा अंदाज बांधू नकोस, त्यात ते नसतंच.

प्रश्न: मी पेमेंट पोस्टिंगला आहे. ४५३८५ चे पूर्ण पैसे येतात पण सोबतच्या ४५३८० ला अगदीच किरकोळ रक्कम. लीड म्हणतो अंडरपेमेंट आहे, अपील टाक. टाकू का?

उत्तर: नको रे भाऊ, आधी गणित बघ. स्कोप एकदाच आत गेला, मग आत जाण्याचे पैसे दोनदा कसे देतील? यालाच मल्टिपल एन्डोस्कोपी रूल म्हणतात. एका कुटुंबातले कोड असतील, म्हणजे ज्यांचा बेस कोड (नुसत्या तपासणीचा) एकच, तर सगळ्यात महाग कोडचे पूर्ण पैसे आणि बाकीच्यांचे त्यांच्या रकमेतून बेस वजा करून. कोलोनोस्कोपीचा बेस ४५३७८, वरच्या एन्डोस्कोपीचा (ईजीडी, तोंडातून केलेली) ४३२३५, ईआरसीपीचा (पित्त आणि पॅन्क्रियाजच्या नळ्यांची) ४३२६०.

समजायला सोपे आकडे घेऊ, खरे रेट नाहीत हे. बेस २०० डॉलर, स्नेअर ३००, बायॉप्सी २४०. तर मिळणार ३०० आणि वर (२४० – २००) म्हणजे ४०, एकूण ३४०. तुझ्या लीडला ते ४० बघून राग आलाय. बरेच जण समजतात दुसऱ्याला ५० टक्के मिळतात, ते वेगळ्या कुटुंबांना, म्हणजे त्याच बैठकीत ईजीडी आणि कोलोनोस्कोपी दोन्ही झालं तर. तिथे आधी प्रत्येक कुटुंबाचा हिशोब स्वतंत्र होतो, मग कमी रकमेच्या कुटुंबाला निम्मं. मेडिकेअरला ५१ मॉडिफायर (एकाहून जास्त प्रोसिजरची खूण) लावायची गरज नसते, त्यांची सिस्टीम स्वतः कापते. खासगी पेयरचं ज्याचं त्याचं वेगळं. अपील तेव्हाच टाक जेव्हा बेस वजा करूनही आकडा जुळत नाही, किंवा पेयरने बेसही वजा केला आणि वर त्याच कुटुंबात ५० टक्केही कापले. असं होतं, आणि ते भांडण्यासारखं असतं.

प्रश्न: ताई, मी कोडर नाही, अमेरिकेत नोकरी करतो, वय ४६. डॉक्टरने सांगितलं की पहिली कोलोनोस्कोपी प्रिव्हेंटिव्ह आहे, एक पैसा लागणार नाही. एक पॉलिप निघाला, काढला. आता एकामागून एक बिलं येतायत. क्लिनिकला फोन केला तर म्हणे डायग्नोस्टिक म्हणून कोड झालंय. कोड बदलून द्या म्हटलं तर बाई चिडली. बरं, माझी आई इथेच असते, मेडिकेअरवर आहे, तिचीही पुढच्या महिन्यात आहे, तिलाही असंच होणार का?

उत्तर: आधी तुमचं. ४५ वर्षांपासून स्क्रीनिंगची (लक्षण नसताना करायच्या तपासणीची) शिफारस यूएसपीएसटीएफने (प्रतिबंधक तपासण्यांवर शिफारशी करणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने) मे २०२१ मध्ये केली, त्यामुळे वयाचा प्रश्न नाही. अफोर्डेबल केअर ॲक्टखाली येणाऱ्या प्लॅनला नेटवर्कमधली स्क्रीनिंग कोलोनोस्कोपी तुमच्या खिशातून काही न घेता द्यावी लागते, आणि त्यात पॉलिप काढणं, ॲनेस्थेशिया, पॅथॉलॉजी हे सगळं आलं. पॉलिप सापडला म्हणून स्क्रीनिंगचं डायग्नोस्टिक होत नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा, फोनवर कामाला येतं. (फक्त तुमचा प्लॅन "ग्रँडफादर्ड" नाही ना ते एचआरला विचारा, मार्च २०१० च्या आधीपासून फारसे न बदललेले काही प्लॅन यातून सुटतात.)

आता बिलं चार येऊ शकतात, डॉक्टरचं, सेंटरचं, ॲनेस्थेशियावाल्यांचं आणि लॅबचं, आणि चारही ठिकाणी कोडिंग वेगळी माणसं करतात. म्हणून "कोड बदला" असं न म्हणता प्रत्येकाला दोन गोष्टी विचारा. पहिलं डायग्नोसिस कोणतं लावलंय? स्क्रीनिंगला झेड१२.११ पहिलं यायला हवं, पॉलिपचं त्याच्या मागे, आयसीडीच्या गाइडलाइनमध्येच आहे की स्क्रीनिंगमध्ये काही सापडलं तरी स्क्रीनिंगचा कोड पहिलाच राहतो. आणि दुसरं, खासगी इन्शुरन्स असेल तर प्रोसिजर कोडला ३३ मॉडिफायर (प्रिव्हेंटिव्ह असल्याची खूण) आहे का? तो राहिला की पेयरच्या सिस्टीमला ४५३८५ ही साधी सर्जिकल प्रोसिजर दिसते आणि डिडक्टिबल (इन्शुरन्सने द्यायला लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) तुमच्या गळ्यात. नसेल तर करेक्टेड क्लेम पाठवा म्हणायचं. हे त्यांना करता येतं आणि त्यात काही गैर नाही. ॲनेस्थेशियावाले डॉक्टर नेटवर्कबाहेरचे निघाले असतील तर १ जानेवारी २०२२ पासूनचा नो सर्प्रायझेस ॲक्ट आहे, नेटवर्कमधल्या सेंटरमध्ये असं जास्तीचं बिल लावता येत नाही.

पण आता कडू भाग. चेक-इनला नर्सने विचारलं असेल काही त्रास होतो का, आणि तुम्ही सहज बोलून गेलात की हो, मधूनमधून रक्त दिसतं, आणि डॉक्टरने इंडिकेशनमध्ये रेक्टल ब्लीडिंग लिहिलं, तर ती तपासणी लक्षणासाठी झाली, स्क्रीनिंग नाही. मग ती बाई चिडणारच, कारण तुम्ही तिला न झालेली गोष्ट कोड करायला सांगताय. कोडर रेकॉर्डमध्ये असेल तेच देऊ शकतो. डॉक्टरची नोट मागवा, ती तुमच्या हक्काची आहे, इंडिकेशनची ओळ वाचा, आणि तिथे "स्क्रीनिंग" लिहिलेलं असून क्लेम वेगळा गेला असेल तर इन्शुरन्सकडे लेखी अपील करा, नकार मिळाल्यापासून १८० दिवस असतात. तिथे रक्तस्राव लिहिला असेल तर अपीलमध्ये वेळ घालवू नका, सेंटरकडे हप्ते बांधून मागा.

आईचं गणित वेगळं. मेडिकेअरमध्ये साधारण जोखीम असेल तर १२० महिन्यांतून एकदा, कोड जी०१२१, आणि जास्त जोखीम असेल (आधी ॲडिनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकेल असे पॉलिप निघालेत, जवळच्या नात्यात कोलन कॅन्सर वगैरे) तर २४ महिन्यांतून एकदा, जी०१०५. काही सापडलं नाही तर आईला शून्य. पॉलिप काढला तर कोड ४५३८५ सारखा होतो आणि मागे पीटी मॉडिफायर लागतो, ३३ नाही. पीटी असला की डिडक्टिबल माफ पण को-इन्शुरन्स (बिलातला पेशंटचा टक्केवारीचा वाटा) लागतो, २०२३ ते २०२६ या काळात १५ टक्के, २०२७ ते २०२९ मध्ये १० आणि २०३० पासून शून्य. त्यामुळे "फुकट आहे" हे कोणी सांगितलं तरी पॉलिप निघाला तर थोडं बिल येईल, हे आईला आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर घाबरायला नको.

प्रश्न: ताई, स्टूल टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून केलेली कोलोनोस्कोपी स्क्रीनिंग की डायग्नोस्टिक? आमच्या टीममध्ये दोन गट पडलेत.

उत्तर: जुना गट डायग्नोस्टिक म्हणत असणार, तेव्हा तसंच होतं. आता नाही. खासगी प्लॅनना ३१ मे २०२२ किंवा त्यानंतर सुरू झालेल्या प्लॅन वर्षापासून ही फॉलो-अप कोलोनोस्कोपीही खर्च न लावता द्यावी लागते, आणि मेडिकेअर २०२३ पासून तिला स्क्रीनिंगच धरतं, तिथे केएक्स मॉडिफायर लागतो. तो लावला नाही तर फ्रीक्वेन्सीवर (किती महिन्यांतून एकदा या अटीवर) डिनायल, म्हणजे क्लेमला नकार येतो.

प्रश्न: नमस्कार. कोलोनोस्कोपी अर्धवट राहिली तर मॉडिफायर ५२ (कमी केलेली प्रोसिजर) की ५३ (मध्येच थांबवलेली), प्रत्येक जण वेगळं सांगतो. आणि पेशंटची तयारी खराब होती, म्हणजे आतडं नीट साफ नव्हतं, पण सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत) पोचले, तेव्हा?

उत्तर: यासाठी सीपीटीच्या पुस्तकात कोलोनोस्कोपी सेक्शनच्या सुरुवातीला एक तक्ता आहे, तो झेरॉक्स काढून मॉनिटरला चिकटवा, खरंच सांगते, निम्मी भांडणं मिटतील. दोन प्रश्न विचारायचे. स्कोप कुठपर्यंत गेला, आणि आत काही उपचार केला का.

स्प्लेनिक फ्लेक्शरच्या (मोठ्या आतड्याच्या डावीकडच्या वरच्या वळणाच्या) पुढे गेलाच नाही तर ती कोलोनोस्कोपी म्हणायचीच नाही, फ्लेक्झिबल सिग्मॉइडोस्कोपी, नुसती तपासणी असेल तर ४५३३०, बायॉप्सी घेतली तर ४५३३१. स्प्लेनिक फ्लेक्शर ओलांडला पण सीकम गाठलं नाही आणि नुसतीच तपासणी किंवा स्क्रीनिंग होतं, तर ४५३७८-५३. तिथपर्यंतच जाऊन पॉलिप काढला, बायॉप्सी घेतली, तर तो उपचाराचा कोड आणि ५२. सीकम गाठलं तर मॉडिफायर नाही. आधी आतडं कापून जोडलेलं असेल तर सीकमऐवजी तो जोड धरायचा.

५३ चा स्क्रीनिंगमध्ये एक मोठा फायदा असा की मेडिकेअर ती तपासणी झाली असं धरत नाही, म्हणून पेशंट परत आला की १२० किंवा २४ महिन्यांचं बंधन आड येत नाही. पहिल्या वेळी कोणी मॉडिफायरशिवाय पाठवलं असेल तर दुसऱ्या वेळचा क्लेम आपटतो, आणि मग पहिला दुरुस्त करत बसा.

सीकमपर्यंत पोचले पण तयारी खराब, हा खरा वादाचा भाग. स्कोप गेला कुठपर्यंत एवढंच बघितलं तर तपासणी पूर्ण. पण आतली भिंत दिसलीच नाही आणि लवकरच परत करायची आहे असं डॉक्टरने स्पष्ट लिहिलं असेल तर बरेच जण ५३ लावतात, आणि मला ते पटतं, कारण नाहीतर पेशंटची दहा वर्षांची संधी न बघितलेल्या कोलनवर गेली. मात्र "प्रेप पुअर" एवढे दोन शब्द पुरत नाहीत. काय दिसलं नाही, परत कधी, हे लेखी हवं, आणि त्या पेयरची पॉलिसी वाचून घ्यायची कारण इथे सगळे पेयर एका सुरात बोलत नाहीत.

हे सगळं डॉक्टरच्या क्लेमसाठी. सेंटरच्या क्लेमला ५३ नसतं, तिथे ॲनेस्थेशिया देण्याआधी थांबवलं तर ७३, दिल्यावर थांबवलं तर ७४. मेडिकेअर ७३ ला निम्मे देतं, ७४ ला पूर्ण.

प्रश्न: पॅथ रिपोर्ट यायला चार-पाच दिवस लागतात आणि मॅनेजर म्हणतो टर्नअराउंड बिघडतोय, के६३.५ टाकून पाठवून दे. चालेल का?

उत्तर: चालतं तर चालतं, पण मला आवडत नाही. के६३.५ म्हणजे कोलनचा पॉलिप, हायपरप्लास्टिक असेल तर तेच बरोबर. ॲडिनोमा निघाला तर डी१२ मध्ये जागेप्रमाणे, सीकम डी१२.०, असेंडिंग डी१२.२, ट्रान्सव्हर्स डी१२.३ (दोन्ही फ्लेक्शर यातच), डिसेंडिंग डी१२.४, सिग्मॉइड डी१२.५, रेक्टम डी१२.८. रेक्टममधला साधा पॉलिप असेल तर के६२.१, त्याला के६३.५ लावलेलं खूप वेळा दिसतं. हा फरक फक्त आजच्या क्लेमपुरता नाही, पेशंट तीन किंवा पाच वर्षांनी परत येईल तेव्हा तो जास्त जोखमीत बसतो की नाही हे आजच्या डायग्नोसिसवर ठरणार. आणि उलट्या बाजूने, डॉक्टरने "बहुधा ॲडिनोमा" लिहिलं म्हणून डी१२ देऊ नका, आउटपेशंटमध्ये बहुधा, शक्यता, संशय यांचा कोड नसतो. मॅनेजरला सांगा की चार दिवस थांबणं करेक्टेड क्लेमपेक्षा स्वस्त.

प्रश्न: आमचे एक डॉक्टर प्रत्येक सपाट पॉलिपखाली सलाईन टोचून वर उचलतात आणि स्नेअरने काढतात, आणि ईएमआर (एन्डोस्कोपिक म्युकोझल रिसेक्शन) लिहितात. ४५३९० देऊ का?

उत्तर: ईएमआर लिहिलं म्हणून ४५३९० होत नाही. तीन गोष्टी नोटमध्ये दिसायला हव्यात, सबम्युकोझल (अस्तराखाली दिलेल्या) इंजेक्शनने लीजन, म्हणजे ती गाठ उचलली, त्याची हद्द आखून घेतली, आणि स्नेअरने कापून काढलं (बँड वापरलं तरी चालतं). हद्द आखल्याचा उल्लेख नसेल, आणि बहुतेक वेळा तोच नसतो, तर ४५३८५ आणि इंजेक्शनसाठी ४५३८१. तिन्ही असतील तर ४५३९० एकटा, त्याच लीजनसाठी ४५३८१ आणि ४५३८५ जोडायचे नाहीत. दुसऱ्या जागी टॅटू (जागा ओळखायला शाईची खूण) टोचला असेल तर त्याचा ४५३८१ वेगळा घेता येतो, पण ती दुसरी जागा आहे हे दिसायला हवं. डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या, बहुतेकांना माहितीच नसतं की एका वाक्यावर कोड अडतोय. मात्र जे केलं नाही ते लिहायला सांगायचं नाही, क्वेरीची भाषा "तुम्ही हद्द आखली होती का?" अशी मोकळी हवी, "कृपया डिमार्केशन लिहा" अशी नको.

प्रश्न: ताई, पॉलिप काढल्यावर रक्त यायला लागलं, क्लिप लावली. ४५३८२ मिळेल ना?

उत्तर: नाही. तुम्हीच केलेल्या जखमेतलं रक्त थांबवणं त्या प्रोसिजरचाच भाग. क्लिपला वेगळा कोडही नाही, आणि पुढे रक्त येऊ नये म्हणून आधीच लावलेल्या क्लिपचं तर काहीच मिळत नाही. पेशंट रक्तस्राव घेऊनच आला होता आणि तो थांबवला तर ४५३८२, वरच्या एन्डोस्कोपीत ४३२५५. त्याच जागी आधी एपिनेफ्रिन टोचलं असेल तर ते त्यातच धरलंय, इंजेक्शनचा कोड जोडू नका.

प्रश्न: अन्ननलिका रुंद केल्याचे इतके कोड का आहेत? ४३२४८, ४३२४९, ४३४५०, ४३२३३, माझा गोंधळ होतो.

उत्तर: परत तेच, हत्यार बघ. स्कोपमधून गाइडवायर टाकून तिच्यावरून डायलेटर सरकवला (साव्हरी म्हणतात तो) तर ४३२४८. फुगा ३० मिमीपेक्षा लहान तर ४३२४९, ३० किंवा मोठा, जो अकॅलेझियात (अन्ननलिकेचं खालचं तोंड नीट न उघडण्याच्या आजारात) वापरतात, तर ४३२३३. स्कोप बाहेर काढून मग वायरशिवाय मॅलोनी डायलेटर घातला तर तो स्कोपमधून झालाच नाही, म्हणून ४३४५० आणि तपासणीचा ४३२३५ वेगळा. नोटमध्ये नुसतं "डायलेटेड टू १८" असेल तर डॉक्टरला विचार, १८ मिमी फुगाही असू शकतो आणि साव्हरीही.

जाता जाता, ईजीडी म्हणायला स्कोप ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या पहिल्या भागात) गेला पाहिजे. पोटात अन्न साठलेलं म्हणून पुढे जाता आलं नाही, तर परत करणार असतील तेव्हा ५३, करणार नसतील तेव्हा ५२. आणि अन्ननलिका, पोट, ड्युओडेनम तीन ठिकाणी बायॉप्सी घेतली तरी बायॉप्सीचा ४३२३९ एकच. लॅब मात्र तीन वेगळ्या बाटल्यांचे, नमुना तपासण्याच्या कोडचे, ८८३०५ तीन लावेल, ते बरोबर आहे, त्यावर ओरडू नका.

प्रश्न: सीनिअर कोडर आहे, पण ईआरसीपीला अजून हात थरथरतो. बलूनने डक्ट (नळी) स्वीप केली, म्हणजे झाडून काढली, खडा निघाला नाही, स्टेंट टाकला, आधी स्फिंक्टरोटमी (नळीच्या तोंडाला छेद) केली. काय काय मिळतं?

उत्तर: तुमच्या केसमध्ये एकच, ४३२७४. स्टेंटच्या कोडमध्ये त्याच डक्टची स्फिंक्टरोटमी, आधी-नंतरचं डायलेशन आणि गाइडवायर धरलेलं आहे, म्हणून ४३२६२ गेला. स्वीप केली पण खडा किंवा गाळ काहीच निघालं नाही, म्हणून खडे काढण्याचा ४३२६४ पण गेला, पुस्तकात खालच्या कंसात हे स्वच्छ लिहिलंय, फुगा वापरला तरीही नाही. गाळ निघाला असता तर मिळाला असता, म्हणून "स्लज" हा शब्द नोटमध्ये शोधायचा. स्वीपचा फुगा म्हणजे डायलेशनचा फुगा नाही, त्यावर ४३२७७ लावणारे महाभाग मी बघितलेत. दुसऱ्या डक्टमध्ये दुसरा स्टेंट गेला असेल, एक पित्तनलिकेत आणि एक पॅन्क्रियाटिकमध्ये, तर दुसऱ्याला ४३२७४-५९. जुना काढून नवीन टाकला तर ४३२७६. कोलॅन्जिओस्कोपी (नळीच्या आत दुर्बीण घालून बघणं) केली असेल तर ४३२७३ ॲड-ऑन. ईआरसीपीच्या नोटला माझी पद्धत अशी की आधी दोन डक्टची दोन नावं कागदावर लिहायची आणि नोट वाचत प्रत्येकाखाली काय झालं ते मांडायचं, मगच एन्कोडर (कोड शोधायचं सॉफ्टवेअर) उघडायचा.

प्रश्न: सेडेशनचे (गुंगीचं औषध देण्याचे) पैसे डॉक्टरला वेगळे मिळतात का? कोणी हो म्हणतं कोणी नाही.

उत्तर: २०१७ पासून मिळतात, त्याआधी प्रोसिजरमध्येच धरलेले असायचे. पण मॉडरेट सेडेशन स्कोप करणाऱ्या डॉक्टरनेच दिलं आणि पेशंटवर लक्ष ठेवायला वेगळा प्रशिक्षित माणूस होता तरच. पहिल्या १५ मिनिटांना ९९१५२, मेडिकेअरच्या जीआय एन्डोस्कोपीला त्याऐवजी जी०५००. किमान १० मिनिटं व्हायला हवीत आणि सुरू-बंदची वेळ लिहिलेली हवी, वेळ नाही तर कोड नाही. प्रोपोफोल द्यायला ॲनेस्थेशियावाले आले असतील तर डॉक्टरला यातलं काही नाही, ते त्यांचा क्लेम वेगळा पाठवतील, स्क्रीनिंग कोलोनोस्कोपी असेल तर ००८१२, दुसऱ्या कारणासाठी असेल तर ००८११, वरून-खालून दोन्ही एकत्र असेल तर ००८१३. स्क्रीनिंग म्हणून सुरू होऊन पॉलिप निघाला तर मेडिकेअरला ००८११-पीटी, हे ॲनेस्थेशियाच्या टीमला कोणी कळवत नाही आणि पेशंटला बिल जातं.

प्रश्न: ताई, सीपीसी (कोडरची प्रमाणपत्र परीक्षा) झालंय, आता जीआयमध्येच राहावं की मल्टिस्पेशालिटीला जावं? काही म्हणतात दोन वर्षांत सगळं सॉफ्टवेअरच कोड करणार.

उत्तर: साध्या ४५३७८ आणि ४३२३९ चे चार्ट सॉफ्टवेअर आत्ताच बरे कोड करतं, त्यावर नोकरी टिकवायचा विचार असेल तर नको. पण डॉक्टरने एका जागी हॉट स्नेअर आणि चार ओळी खाली त्याच पॉलिपला कोल्ड फोर्सेप्स लिहिलंय तिथे कोणीतरी थांबून क्वेरी लिहावी लागते, आणि डिनायल आलं की मेडिकल पॉलिसी वाचून उत्तर द्यावं लागतं. ती कामं शिकून घे. एएपीसीची (कोडरच्या अमेरिकन संस्थेची) जीआयसाठी वेगळी परीक्षा आहे, सीजीआयसी, ती दे, पण त्याआधी पचनसंस्थेची आकृती न बघता काढता आली पाहिजे, कुठला फ्लेक्शर कुठे हे विचारल्यावर गुगल उघडणारे कोडर मी इंटरव्ह्यूला रोज बघते. आणि डिनायलच्या टीममध्ये काही काळ बसायला मिळालं तर पगार तेवढाच असला तरी हो म्हण.